नोलाचं अंगण

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तीनशे पोरं, पत्र्याच्या ताटांचा खणखणाट, त्यात हळू बोलून कोण ऐकणार? सवय लागली ती लागली. गावात माझी चेष्टा करतात की नोलाने दारातून मुलीला जेवायला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा येऊन बसतात. करेनात का चेष्टा. मला कधी त्याचं काही वाटलं नाही. गेल्या जानेवारीतल्या त्या बुधवारपर्यंत तरी नाही.

आमच्याकडे, युटा राज्याच्या या दक्षिण टोकाला, हिंडायचे दिवस हिवाळ्याचे. उन्हाळ्यात वाळवंटात जायला कुणाचं डोकं फिरलंय? हिवाळा आला की म्हातारेकोतारेसुद्धा बूट चढवून टेकड्यांकडे निघतात. अडचण एकच, चिखल. टेकड्यांची माती करडी आणि चिकट. रात्री गोठते, त्यामुळे सकाळी फरशीवरून चालल्यासारखं चालता येतं. दहाच्या सुमाराला ऊन चढलं की तिचा गोंद होतो. बुटाला चिकटते, त्या थरावर आणखी चिकटते, आणि दहा पावलांत एकेक पाय चार-चार किलोचा होतो. म्हणून इथला नियम आहे, सातला आत, दहाला बाहेर. आणि प्रत्येकाच्या गाडीत बूट खरवडायला स्वयंपाकघरातला एक जुना कलथा असतोच.

दुसरा नियम याहून कडक. वाटेत चिखल लागला तर चिखलातूनच जायचं, कडेने नाही. कडेला काळी साय असते. दुधावर धरते तशीच, पण मातीवर धरलेली, खडबडीत आणि जिवंत. वाळवंटाची माती तीच धरून ठेवते, नाहीतर एका वाऱ्यात सगळं उडून जाईल. तिच्यावर पाय पडला की ती फुटते आणि पुन्हा धरायला पंचवीस-तीस वर्षं घेते.

माझी वाट म्हणजे कोपरवाट. माझी म्हणजे सरकारचीच, पण तिची राखण मी करते. पगार नाही, बिल्ला तेवढा आहे. टेकड्यांच्या पायथ्याने ती कोपरासारखी वाकून जाते आणि पलीकडच्या टोकाला, जिथून खालची दरी दिसते, तिथे संपते. गोठलेल्या मातीवर जायला सव्वा तास लागतो. पण कोपराच्या कुशीत एक वाळूची सपाटी आहे. तिच्यावरून सरळ गेलं तर पंधरा मिनिटं. पूर्वी सगळे तसेच जायचे, आणि ती सपाटी तुडवून तुडवून मेली होती. तीस वर्षांपूर्वी मी तिच्या दोन्ही टोकांना वाळक्या फांद्या रचल्या, पाटी लावली आणि वाट बघत बसले. कोण आडवा जाताना दिसला तर तोंडाचा पट्टा सुरू. आज ती सपाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर झाली आहे. लोक तिला 'नोलाचं अंगण' म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटतो.

माझी मुलगी कोरा सहा वर्षांची असताना वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे त्या सपाटीवर धावली होती. मी असा आवाज काढला की पोरगी एक पाय वर घेऊन तशीच उभी राहिली. खाली कुठे ठेवायचा हेच तिला कळेना. मी म्हटलं, आलीस त्याच पावलांत पाय ठेवत परत ये. रडत रडत, एकेक पाऊल शोधत आली. त्यातला एक ठसा अजून दिसतो, मी त्याच्याभोवती खडे मांडून ठेवलेत. ही गोष्ट आम्ही दोघी पाहुण्यांना हसत हसत सांगतो. म्हणजे मी हसते. कोरा ऐकून घेते.

तर ही कोरा आता चौतीस वर्षांची. त्या जानेवारीत ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आठवडाभर राहायला आली. थॅड त्याचं नाव. जॉर्जियाचा, पियानोचे सूर लावून देण्याचा त्याचा धंदा. उंच, हडकुळा आणि इतका नम्र की मला वीट यावा. प्रत्येक वाक्याला 'मॅम'. पाणी हवंय मॅम, ताट ठेवू का मॅम. मी कोराला म्हटलं, "याला काही स्वतःचं मत आहे की नाही?"

"आहे," कोरा म्हणाली. "तू त्याला बोलायला दिलंस तर सांगेल."

रविवारी मी दोघांना कोपरवाटेवर नेलं. सगळं छान चाललं होतं. परतताना एका वळणावर ऊन आधी पोचलं होतं, वाट मऊ झालेली. थॅडने बूट जपायला कडेला एक पाय ठेवला. एकच. मी मागे होते.

"काढ तो पाय!" मी ओरडले. "काढ आधी! कळतंय का कशावर उभा आहेस? तुझी नातवंडं येतील इथे तेव्हाही हा ठसा असाच असेल! ऐकून ठेव, जीव गेला तरी चालेल, पण या सायीवर पाय ठेवायचा नाही!"

त्याने टोपी काढली. खरंच, टोपी काढली आणि म्हणाला, "चुकलो, मॅम. पुन्हा नाही होणार." मग उरलेली सगळी वाट तो मुद्दाम चिखलाच्या मधोमध चालला, नडगीपर्यंत माखला. मला वाटलं, चला, हा शिकणारा आहे. कोरा मात्र गाडीत माझ्या शेजारची जागा सोडून मागे त्याच्याजवळ जाऊन बसली.

बुधवारी सकाळी ती म्हणाली, "आई, आज आम्ही दोघंच जातो."

"जा की. मी कुठे अडवलंय?" मी म्हटलं. पण लागलं मला, लागायचं ते. त्यात दोघं उठली उशिरा, मग कॉफी, मग थॅडने सगळ्यांसाठी गोड धिरडी केली. निघेपर्यंत साडेआठ.

"सातला आत जायचं असतं," मी म्हटलं.

"बाहेर बघ, ढगाळ आहे. आज उशिरा वितळेल. साडेअकरापर्यंत येतो." कोराने माझ्या गालाला गाल लावला. तिचा लाल कोट दारातून बाहेर गेला, मागून थॅड दोघांच्या काठ्या घेऊन.

दहा वाजता मी बटाटे सोलत होते. डुकराच्या मांसाचा हिरव्या मिरच्या घालून रस्सा करायचा होता, कोराला आवडतो. तेवढ्यात ओट्यावर ऊन आलं. ढग गेले होते. एरवी हिवाळ्यात ऊन आलं की कुणाला आनंद होत नाही? मी मात्र सुरी खाली ठेवून खिडकीशी गेले, तर छपरावरचं दहिवर टपटप गळायला लागलेलं.

साडेअकरा झाले. बारा झाले. मी स्वतःला सांगितलं, चिखलात सापडले असतील, हळूहळू येतील. साडेबारा. रस्सा शिजून आटायला लागला, पाणी घातलं. एक वाजता फोन लावला. त्या बाजूला फोन लागत नाही हे इथल्या तीन वर्षांच्या पोरालाही माहीत आहे, तरी सात वेळा लावला. दीडला मी गॅस बंद केला आणि शेजारी ओरिनकडे गेले.

ओरिन एकाहत्तर वर्षांचा. आमच्या बुधवारच्या भटक्या मंडळाचा म्होरक्या, आणि कोणी अडकलं-पडलं तर शोधायला जाणाऱ्या गावच्या पथकातही तोच. दारात उभा राहून सफरचंद खात होता.

"काय गं, कुठे आग लागली?"

"कोरा आली नाही अजून. साडेअकराला येणार होती."

"जावईबापू आहेत ना बरोबर? मग पळून गेले असतील दोघं. तुझ्यासारखी सासू असती तर मीही गेलो असतो."

"ओरिन, मी हात जोडते, आत्ता नको."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. सफरचंद कठड्यावर ठेवलं, टोपी घेतली.

खडीचा रस्ता संपेपर्यंत ट्रक ठीक चालला. पुढचा मैलभर रस्ता नुसत्या चिकण मातीचा. कोराची गाडी सकाळी गोठलेल्या मातीवरून गेली होती, तिचे पुसटसे माग दिसत होते. ओरिनने ट्रक तिथेच थांबवला.

"पुढे घातला तर खड्ड्यात जाईल आणि मग आपल्यालाच शोधायला माणसं लागतील. उतर, चालू."

चालणं कसलं, पाय उपसत जाणं. सुरुवातीला ओरिनचं तोंड चालू होतं. जावयाला पियानो पाठीवर देऊन पाठवायला हवं होतं, वगैरे. अर्ध्या वाटेवर तो गप्प झाला आणि सारखं सूर्याकडे बघायला लागला. तेव्हा मला खरी भीती वाटली. ओरिन उगाच गप्प बसणारा माणूस नाही.

"थंडीचं काय?" मी विचारलं.

"कोरडी असेल तर काही नाही. ओली असेल तर..." त्याने एक पाय उपसून काढला. "हे बघ. माणूस थरथरत असेल तर चांगलं. थरथरायचं थांबलं की घाई करायची."

"माझी मुलगी थरथरते आहे की नाही हे मला इथून कसं कळणार रे?"

"चल," तो म्हणाला.

वाटेच्या तोंडाशी कोराची गाडी होती. काचेवर ऊन. आत कोणी नाही. शेजारी खांबावर पत्र्याची पेटी आणि तिच्यात नोंदवही, जाताना नाव लिहायचं, आल्यावर वेळ. मी वही उघडली. थॅडचं अक्षर होतं, छापल्यासारखं. 'कोरा आणि थॅड. माणसं दोन. आत गेलो सकाळी नऊ. परत साडेअकरा.' परतीच्या खऱ्या वेळेची जागा कोरी. शेवटच्या रकान्यात, जिथे लोक हरीण दिसलं वगैरे लिहितात, तिथे त्याने लिहिलं होतं, 'वाट सोडणार नाही. वचन.'

ओरिनने माझ्या खांद्यावरून वाचलं. "पोराला भलताच घाबरवलास की गं," तो म्हणाला, आणि हसला नाही.

मी वही मिटली आणि वर पाहिलं, तर वाटेवरून कोणीतरी येत होतं. एकटं.

थॅड होता. आधी ओळखू येईना. कमरेपर्यंत करडा, हातही करडे. अंगात फक्त स्वेटर. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, हाताने मांडी धरून पाय उपसायचा. जवळ आला तेव्हा दिसलं, एका पायात बूट नव्हता. मोजा आणि त्यावर चिखलाचा गोळा. एकटा का आहे, एवढंच डोक्यात.

"मॅम," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "कोराचा पाय मोडलाय. नडगीचं हाड. उतरताना घसरली, खालच्या डबक्यात पडली. भिजली आहे. त्या टोकाला आहे, दगडाच्या आडोशाला ठेवलंय. माझा कोट दिलाय तिला."

"कधी?"

"पावणेबाराला."

"आणि आत्ता तीन वाजून गेलेत! तीन तास काय करत होतास तू?"

"चालत होतो, मॅम."

मी सपाटीकडे बोट केलं. समोर, डोळ्यांदेखत, पलीकडचं टोक दिसत होतं. नीट पाहिलं तर दगडाशी एक लाल ठिपकासुद्धा. "अरे पण सरळ का नाही आलास? हे इथून! पंधरा मिनिटं! पंधरा मिनिटांत आला असतास रे!"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. प्रश्नच कळला नाही असं बघत होता.

"तुम्ही म्हणाला होतात, मॅम," तो म्हणाला. "जीव गेला तरी."

मी सपाटीकडे केलेलं बोट खाली घेतलं.

"तरी मी निघालो होतो," तो म्हणाला. "फांद्यांपर्यंत गेलो होतो. कोराने मागून हाक मारून परत बोलावलं. म्हणाली, आईचं अंगण आहे, वाटेनेच जा, मी थांबते."

ओरिनने मला दंडाला धरून हलवलं. "नोला, काय रडायचं भांडायचं ते नंतर. मी ट्रककडे जातो, तिथला वायरलेस लागतो. पथक येईल, दोनेक तासांत. तू तिच्याकडे जा. माझा कोट घे. पोरा, तू चल माझ्याबरोबर, तुझे ओठ बघ कसे निळे झालेत."

"मी कोराकडे जाणार," थॅड म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या वाक्यात मॅम नव्हतं. ओरिनने कोट त्याच्या अंगावर टाकला आणि स्वतः ट्रककडे परत निघाला.

मी फांद्या उचलून फेकल्या. माझ्याच हाताने रचलेल्या, दर वर्षी नव्याने लावलेल्या. पाटीवर माझंच अक्षर, 'इथे पाय ठेवू नका'. मी पाय ठेवला. पायाखाली पापड मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. दुसरा ठेवला. साय फुटत होती आणि खाली कोरडी वाळू, चिखलाचं नाव नाही. पाय भराभर पडायला लागले. किती सोपं होतं ते चालणं! मला स्वतःची इतकी चीड आली की मी पळायला लागले. सहासष्ट वर्षांची बाई, डोक्यावर पिवळी टोपी, गुडघे दुखरे, पळत होते.

थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं. थॅड येत होता, पण उड्या मारल्यासारखा, वेडावाकडा. मला आधी वाटलं बूट नाही म्हणून. मग लक्षात आलं. तो माझ्या पावलांत पाय ठेवत येत होता. नवा ठसा उमटू नये म्हणून, एका बुटाने आणि एका मोज्याने, माझी पावलं शोधत येत होता.

"अरे कुठेही ठेव!" मी ओरडले. "कुठेही ठेव पाय, माझ्या राजा, पळ नुसता!"

मधोमध ते खडे लागले. गोल मांडलेले, आत सहा वर्षांच्या बुटाचा ठसा. अठ्ठावीस वर्षं मी तो लांबून बघत आले होते. आता शेजारून गेले. माझा पाय खड्यांना लागला आणि दोन-तीन उडाले. मी थांबले नाही.

ऊन कलायला लागलं होतं. त्या टोकाचा दगड सावलीत गेला होता आणि सावलीत जमीन पुन्हा गोठायला सुरुवात झालेली. लाल कोट दिसत होता, त्यावर थॅडचा हिरवा. हलत काहीच नव्हतं. मी हाक मारली. माझ्या या आवाजाने. उत्तर नाही.

पोचले तेव्हा ती दगडाला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. मोडलेल्या पायाला थॅडने दोन्ही काठ्या आपल्या मफलरने बांधल्या होत्या, नीट, मापात. विजार ओली. मी तिच्या तोंडाला हात लावला, थंडगार. ती थरथरत नव्हती. मी तिचे हात धरले, खांदे धरले, कुठेतरी थरथर सापडावी म्हणून. नव्हती.

"कोरा! कोरा, डोळे उघड. अगं उघड ना गं!"

तिने उघडले. माझ्याकडे बघितलं, पण ओळख नाही. मग हळूहळू नजर माझ्या मागे गेली, थॅड येऊन गुडघ्यांवर बसत होता तिथे.

"त्याला ओरडू नकोस," ती म्हणाली. जीभ जड झाली होती तिची. "त्याने नाही ठेवला पाय."

"नाही ओरडत. नाही ओरडत गं बाई."

थॅडने तिला मागून मिठीत घेतलं, मी पुढून. तिची ओली विजार काढून माझी लोकरीची शाल गुंडाळली, ओरिनचा कोट तिघांवर घेतला. मी तिचे पाय माझ्या पोटाशी घेतले, चांगला आणि मोडका दोन्ही, जपून. थॅड तिच्या कानात काहीतरी गुणगुणत होता, एकच सूर, पुन्हा पुन्हा. पियानोचा लावतात तसा असेल. मी मनातल्या मनात नुसतं म्हणत होते, थरथर, बाई, थरथर.

किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या टेकडीवरून ऊन वर वर सरकत होतं. मग तिच्या पोटरीत काहीतरी हललं. एकदा. पुन्हा एकदा. मग सगळं अंगच थडथड उडायला लागलं, दात वाजायला लागले, आणि पाय हलला तशी ती दुखून किंचाळली. माझ्या जन्मात मी इतका गोड आवाज ऐकला नाही. मी रडायला लागले.

"मला दिसलं होतं," कोरा दातांतून म्हणाली.

"काय दिसलं?"

"कोणीतरी सरळ येत होतं. सायीवरून. पळत." तिला श्वास पुरत नव्हता. "मला वाटलं, परका माणूस आहे कोणी. म्हणून मी हाक नाही मारली. डोळे मिटून घेतले."

"अगं, माझी पिवळी टोपी! ओळखली नाहीस? लांबून ओळखतेस ती तू."

"टोपी ओळखली," ती म्हणाली. "मला वाटलं, तशीच टोपी असेल दुसऱ्या कोणाची. तू तिथून आली नसतीस."

थॅडने मान खाली घातली. मी तिचे पाय आणखी घट्ट धरले. ती मला बोल लावत नव्हती. आज वार बुधवार आहे, असं सांगावं तशी सांगत होती.

तेवढ्यात सपाटीच्या त्या टोकाला दिवे दिसले. पथक आलं होतं, ओरिन आणि आणखी सहाजण, सगळे गावचेच, त्या सहाही जणांना मी शाळेत जेवायला वाढलेलं. स्ट्रेचर मध्ये धरून ते फांद्यांपाशी आले आणि थांबले. मी बघत होते. माझी पावलं समोर पडलेली, थॅडची पडलेली, तरी थांबले. सात धडधाकट माणसं ओळीने कडेला उभी आणि कोणी पाय उचलेना. मग एकाने तोंडाशी हात धरून हाक दिली. आवाज स्पष्ट आला.

"नोलाकाकू! वळसा घालून येऊ का?"

मी उठून उभी राहिले नाही, तिचे पाय सोडायचे नव्हते. बसल्या जागेवरून ओरडले.

"सरळ या! मेल्यांनो, सरळ या! तुडवत या!"

माझ्या मिठीत कोरा दचकली. अर्धमेली होती, तरी दोन्ही खांदे वर घेऊन तिने अंग चोरलं, आणि चांगला पाय माझ्या हातातून सोडवून वर उचलून धरला.

पलीकडे ते अजून एकमेकांकडे बघत होते. ऐकू गेलं नव्हतं की पटलं नव्हतं, कोण जाणे. पुन्हा ओरडायलाच हवं होतं. मी पुढे सरकून कोराचं डोकं छातीशी घेतलं, एका हाताने तिचा कान झाकला, दुसरा कान माझ्या अंगाशी दाबला, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.